अठरा इंची पडदा

ही गोष्ट खरी आहे.

आणि ती रात्रीची नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अशा गोष्टी अंधारातच घडतात असं धरून चालणाऱ्यांची इथे निराशा होईल. हे घडलं भर दुपारी, इतक्या लख्ख उन्हात की बोटीच्या पत्र्यावर हात टेकला तर चटका बसावा.

गुरुवार, १७ मे २०१८. दुपारचे पावणेचार. अमेरिकेतलं आर्कान्सा राज्य, त्याच्या उत्तरेला डोंगरांमध्ये अडवलेलं धरणाचं मोठं पाणी.

तलावाचं नाव इथे दिलेलं नाही. ऑर्लीन प्रुएट यांनी तेवढी एक विनंती केली होती. बाकी सगळं रॉयस टिडवेलने सांगितलं तसं आहे. त्याच्या दुकानातल्या कामाच्या चिठ्ठ्यांवर तारखा आहेत. त्या त्याच्या बोलण्याशी जुळतात.

रॉयस चोपन्न वर्षांचा. बोटींमध्ये गाणी वाजवायची यंत्रणा बसवतो. तेवीस वर्षं हेच काम. बायको माव्हिस काउंटरवर बसते आणि गिऱ्हाईक असो की नवरा, कुणाची भीड ठेवत नाही. मे महिना या दोघांचा धावपळीचा. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सुट्टी असते, त्या दिवशी सगळा तालुका पाण्यावर उतरतो, आणि प्रत्येकाला आपली बोट त्याआधी वाजायला हवी असते.

सोमवार, ७ मे. सकाळी दहाच्या सुमारास हॉलिस प्रुएट यांची जुनी पिकअप दुकानासमोर थांबली. मागे गाड्यावर त्यांची वीस फुटी अ‍ॅल्युमिनियमची मासेमारीची बोट.

माव्हिसने काचेतून पाहिलं आणि हसून रॉयसला कोपराने ढोसलं.

कारण हॉलिस म्हणजे आवाजाचे हाडवैरी. वय एकाहत्तर. बोटीत बसलं की खोकायचीसुद्धा चोरी. मासा पळतो म्हणायचे. एकदा चर्चच्या पाद्रींना सोबत नेलं होतं. त्यांनी प्रार्थना मोठ्याने म्हटली, तर हॉलिसनी त्यांना गप्प बसवलं. "देवाला ऐकू येतं. माशालाही येतं," असं म्हणाले होते. तलावावर हे वाक्य अजून सांगतात.

"मिस्टर हॉलिस!" माव्हिस म्हणाली, "रस्ता चुकलात का? गळ आणि दोरी पलीकडच्या दुकानात."

"गळ नको," हॉलिस टोपी काढत म्हणाले. "तो धमधम करणारा डबा हवाय. मोठा."

"तुम्हाला?"

"मलाच."

"मिस ऑर्लीनना माहितीये हे? का घरातून हाकलल्यावर बोटीत राहायचा बेत आहे?"

हॉलिस हसले नाहीत. रॉयसने माव्हिसकडे पाहिलं. ती गप्प झाली.

रॉयसने नेहमीचे प्रश्न विचारले. बोट केवढी, बॅटऱ्या किती, जागा कुठे. मग नेहमीची माहिती दिली. दहा इंची सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, बसायच्या बाकाखाली मावतो. बारा इंची बहुतेक लोक घेतात. पंधरा इंची घेणाऱ्यांशी शेजारी बोलत नाहीत. आणि वरच्या फळीवर दोन वर्षं धूळ खात पडलेला एक अठरा इंची. आवाज काढताना हलणारा त्याचा काळा पडदा जेवणाच्या मोठ्या ताटाहून मोठा.

"तो," हॉलिस म्हणाले.

"सर, तुमच्या बोटीला तो म्हणजे खेचराला रेल्वेचं इंजिन."

"तोच."

"बरं. मग डब्याचं बघू. स्पीकरइतकंच डब्यावर असतं सगळं. पूर्ण बंद डबा घेतला तर आवाज घट्ट येतो, नेमका येतो. भोक ठेवलेला डबा तेवढ्याच ताकदीत जास्त गुरगुरतो, पण आकाराने मोठा लागतो, आणि पाणी उडालं तर थेट आत. तिसरी पद्धत म्हणजे डबाच नाही. बाकाच्या फळीला भोक पाडायचं आणि खालची पोकळी तीच डबा. पण तुमची बोट पत्र्याची. प्रत्येक रिव्हेट खडखडेल." रॉयस थांबला. "तुम्ही कुठली गाणी ऐकता, त्यावर ठरवू."

"गाणी नाही ऐकत मी."

"मग?"

"एकच सूर हवाय. खालचा. हा डबा जितका खाली जाईल तितका."



मग रॉयसच्या लक्षात आलं. माव्हिसच्या ते आधीच लक्षात आलं होतं.

केंडल. हॉलिस आणि त्यांच्या बायकोचा, ऑर्लीनचा, एकुलता एक मुलगा. अडतीस वर्षांचा. मागच्या ११ नोव्हेंबरला ब्लेव्हिन्स खाडीत एकटाच मासेमारीला गेला. संध्याकाळी बोट सापडली. इंजिन चालू. थर्मासमधली कॉफी कोमट.

केंडल नव्हता.

पाणबुडे चार दिवस उतरत होते. खाडीचं पाणी एकशेवीस फूट खोल. धरण बांधलं तेव्हा तिथलं जंगल कापलंच नव्हतं. झाडं अजून तळाशी उभी आहेत, फांद्यांसकट. पाचव्या दिवशी शेरीफने पाणबुड्यांना वर बोलावलं. एकासाठी दुसरा घालवणार नाही, म्हणाला.

ऑर्लीन पाद्रींना एकच वाक्य ऐकवत होत्या. पेटी रिकामी असताना अंत्यविधी होणार नाही. कबरस्तानात दगड उभा होता, त्यावर जन्माची तारीख कोरलेली. दुसरी तारीख नाही. आणि नोव्हेंबरपासून त्या घरात त्या तलावातला मासा शिजला नव्हता.

"माझे आजोबा व्हाइट रिव्हरवर नाव चालवायचे," हॉलिस म्हणाले. ते रॉयसशी बोलत होते, पण बघत होते फळीवरच्या त्या काळ्या पडद्याकडे. "कुणी बुडालं आणि मिळालं नाही, की काठावर तोफ आणायचे. गोळा नाही घालायचा, नुसती दारू. पाण्यावर बार काढायचे. दिवसभर. धक्क्याने तळाचा माणूस सुटतो आणि वर येतो. आजोबांनी डोळ्यांनी पाहिलंय. पुढे तोफा गेल्या, मग लाकूडतोडे सुरुंग लावायचे."

"शेरीफला विचारलंत?"

"विचारलं. म्हणाला, मिस्टर हॉलिस, तुमचं दुःख कळतं, पण सुरुंग लावलात तर मला तुम्हाला आत घालावं लागेल." हॉलिसनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "मग परवा तुझं एक गिऱ्हाईक आमच्या धक्क्याजवळून गेलं. गाणं लावून. माझ्या स्वयंपाकघरातल्या बश्या वाजल्या, पोरा. पाव मैलावरून."

रॉयसला नाही म्हणता आलं असतं. हवेतला आवाज पाण्यात शिरत नाही, पाठ फिरवून परत येतो. हे त्याला माहीत होतं.

त्याने नाही म्हटलं नाही.

"तोंड पाण्याकडे करशील ना?" हॉलिसनी विचारलं.

"नाही सर. तोंड वर. बंदूक उडवल्यावर खांद्याला काय बसतं?"

"धक्का."

"तोच धक्का आपण पाण्याला देऊ. डबा बोटीच्या फासळ्यांना बोल्टने आवळतो. पडदा वर उडेल, डबा खाली रेटेल, आणि बोटीचा तळ पाण्याला रेटेल. मग तो सूर तुम्हाला ऐकू आला नाही तरी चालेल."

हॉलिस पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून बोलले.

"ज्याला ऐकू जायचा त्याला गेला म्हणजे झालं."

रॉयसने पूर्ण बंद डबा निवडला. बोटबांधणीचं प्लायवूड, दोन पदरी. फर्निचरचा दाबलेला भुसा पाण्यात पावासारखा फुगतो, म्हणून तो नाही. सांध्यांना गोंद, आतून राळेचे तीन हात. एका आठवड्यात एवढं चोख काम त्याने कुणाचंच केलं नव्हतं.

शेवटी तळहात पडद्यावर ठेवून त्याने हलकेच दाबलं आणि सोडलं. ही त्याची तेवीस वर्षांची सवय. डबा गळका असेल तर पडदा टपकन परत येतो. हवाबंद असेल तर सावकाश येतो, आळसावलेल्या माणसासारखा.

पडदा सावकाश वर आला.

काम उत्तम झालं होतं.

* * *

गुरुवारी दोघंच गेले. रॉयस आणि हॉलिस. ऑर्लीननी मक्याची भाकरी आणि थंड चहा बांधून दिला होता. तो डबा कशासाठी, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं काहीच नाही. धक्क्यावर उभ्या राहिल्या, बोट वळेपर्यंत.

ब्लेव्हिन्स खाडीच्या एका बाजूला चुनखडीचा उभा कडा आहे. तिथे शिंकलं तरी शिंक परत येते. पोरं मुद्दाम ओरडायला जातात. त्या दिवशी इंजिनाचा आवाज कड्यावर आपटून परत येत होता. झाडांत किडे किरकिरत होते. एक सुतारपक्षी ठोकत होता.

हॉलिसनी इंजिन बंद केलं. "इथे. इथे मिळाली होती बोट."

रॉयसने सूर लावला. सेकंदाला पंचवीस कंपनं.

ऐकू येण्यासारखं फार नव्हतं. छातीत मात्र कुणीतरी मूठ उघडझाप करतंय असं वाटत होतं. बोटीच्या तळाशी थोडं पाणी साचलं होतं, त्यावर बारीक बारीक वर्तुळं उठली. अठरा इंची पडदा इतका हलत होता की त्याची कड धूसर दिसत होती.

एक मिनिट सूर. दोन मिनिटं शांतता. हॉलिस घड्याळ बघून सांगत होते.

"लाव."

"बंद."

"लाव."

सहा वेळा झालं. पाण्यावर काही आलं नाही. एक कुजका ओंडका आला, तेवढंच. तो दिसला तेव्हा हॉलिस अर्धवट उठले होते. मग खाली बसले.

सातव्या वेळी सूर बंद केल्यावर हॉलिस उभे राहिले. दोन्ही हात तोंडाशी नेले. ज्या माणसाने चाळीस वर्षं बोटीत कुणाला खोकू दिलं नाही, तो माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला.

"केंडल!"

आणि...

काहीच नाही.

कड्यावरून हाक परत आली नाही.

रॉयसने कड्याकडे पाहिलं. कडा होता तिथेच होता. तीनशे फुटांवर.

"सर, पुन्हा हाक मारा."

"केंडल!"

नाही.

हाक पाण्यावरून गेली आणि... कुणीतरी झेलून घ्यावी तशी संपली.

मग रॉयसच्या लक्षात आलं, किडे थांबले आहेत. सुतारपक्षीही. लाट बोटीच्या बाजूला चापटी मारते तो आवाजसुद्धा येत नव्हता. पाणी ताणलेल्या चादरीसारखं.

रॉयसने खाली पाहिलं.

बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यावर... वर्तुळं अजून उठत होती.

सूर बंद होता.

त्याने यंत्राकडे पाहिलं. दिवा विझलेला. तरी त्याने बॅटरीचा मुख्य खटका फिरवला. वीज पूर्ण तोडली.

वर्तुळं उठत राहिली.

मग डब्याच्या दोन्ही तारा त्याने उपसून काढल्या. तांब्याची टोकं हातात धरून बसला.

वर्तुळं थांबली.

"काय रे?" हॉलिसनी विचारलं.

"काही नाही सर. तपासतोय."

आणि तेव्हा... पडदा वर आला.

थरथरला नाही. उडाला नाही. सावकाश, सरळ वर आला. बोटभर. आणि तिथेच थांबला.

स्पीकरचा पडदा असा थांबत नाही. त्याला ढकलत राहणारं काहीतरी लागतं. वीज लागते. इथे तारा रॉयसच्या हातात होत्या, डबा चारी बाजूंनी बंद होता, आणि आत हवेखेरीज काही नव्हतं. तो डबा त्याने स्वतः बांधला होता.

इथे रॉयसच्या हातून चूक झाली.

त्याला ती अजून खाते. दुसऱ्या कुणी हात मागे घेतला असता. पण रॉयसने तेवीस वर्षं एकच केलं होतं. पडदा दिसला की तळहात ठेवायचा आणि दाबायचा. डोकं चालायच्या आधी हात गेला.

त्याने पडदा दाबला. सोडला. पुन्हा दाबला.

पहिल्यांदा पडदा निमूट खाली गेला.

दुसऱ्यांदा...

खालून दाबलं गेलं.

तेवढ्याच जोराने. तेवढाच वेळ. बंद दाराच्या पलीकडे उभ्या माणसाने आपल्या हातासमोर हात ठेवावा, तसं.

रॉयसने हात ओढून घेतला.  हॉलिसनी पाहिलं होतं.

ते गुडघ्यांवर आले. बोटीच्या तळातून तसेच सरकत डब्यापाशी गेले. टोपी काढली. आणि उजवा तळहात पडद्यावर ठेवला.

पडदा त्यांच्या हाताला येऊन टेकला.

"केंडल," ते म्हणाले. या वेळी अगदी हळू. "बाळा, पुरे झालं आता. आई थांबलीये. वर ये."

अकरा मिनिटं ते तसेच बसून होते. रॉयसने घड्याळ पाहिलं होतं, कारण दुसरीकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. म्हातारा माणूस काय काय बोलला ते त्याने सांगितलं नाही. ते माझं नाही, म्हणाला.

मग पडदा खाली गेला.

एकदम किडे किरकिरायला लागले. लाटेने बोटीला चापटी मारली. आणि कड्यावरून...

"केंडल!"

हॉलिसची हाक परत आली. एकदाच.

त्यांनी दोनदा मारली होती.

* * *

शनिवारी, १९ मे रोजी, केंडल सापडला.

कुत्र्याला फिरवणाऱ्या एका माणसाला. डॉक्टरांनी दातांवरून ओळख पटवली. पट्ट्याचं बक्कल ऑर्लीननी ओळखलं. हॉलिस आणि ऑर्लीनना शेरीफच्या माणसांनी एवढंच सांगितलं की धरणाकडच्या काठावर मिळाला. त्यांनीही आणखी विचारलं नाही.

हॉलिसचा हिशोब सरळ होता. गुरुवारी हाक मारली. शनिवारी पोरगा वर आला.

पण त्या शेरीफच्या माणसांपैकी एक माव्हिसचा भाऊ होता. लॅमर. रविवारी तो दुकानाच्या मागच्या पायरीवर येऊन बसला. बराच वेळ बूट घासत होता.

"तो पाण्यात नव्हताच, रॉयस."

"म्हणजे?"

"मार्चमध्ये पाणी चढलं होतं ना, तेव्हाच वाहून काठाला लागला. अकरा मैल खाली. पाणी ओसरलं तसा ओंडक्यांखाली कोरड्यावर राहिला. त्याच्या जाकिटातून गवत उगवलंय. असं..." लॅमरने हाताने वितभर उंची दाखवली. "दोन महिने तरी तिथेच होता."

लॅमरने पुन्हा बूट घासला.

"म्हाताऱ्यांना नाही सांगितलं आम्ही. कशाला सांगायचं? सापडला ना."

"हो," रॉयस म्हणाला. "सापडला."

गुरुवारी ब्लेव्हिन्स खाडीत केंडल नव्हता. मार्चपासून नव्हता.

मग...

रॉयसने तो विचार पुढे नेला नाही. तळहात पँटला पुसला. रविवारभर पुसत होता, असं माव्हिस सांगते.

मंगळवारी अंत्यविधी झाला. पेटी रिकामी नव्हती. नंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं, शेजारणींनी आणलेलं. हॅम, बटाट्याचं सॅलड, केळ्याचं पुडिंग. हॉलिसनी दोन वेळा वाढून घेतलं. सहा महिन्यांत त्यांना कुणी असं जेवताना पाहिलं नव्हतं.

मग ते रॉयसला खिडकीपाशी घेऊन गेले.

"तू होतास तिथे. तुझ्या हातालाही लागलं."

"हो सर."

"मला वेड नाही लागलेलं. तोच होता ना?"

खिडकीबाहेर ऑर्लीन बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. कुणाच्या तरी बोलण्यावर किंचित हसल्या. हॉलिसचा हात रॉयसच्या दंडावर होता.

"तोच होता, सर," रॉयस म्हणाला.

"मला ठाऊक होतं." हॉलिसनी मान हलवली. "ऑर्लीनलाही एकदा हात ठेवायचाय. डबा बोटीतून काढून घरी ओसरीवर ठेवशील?"

रॉयसने बरीच कारणं दिली. अठरा इंची जड असतो. तारा नाहीत. वीज नाही. तलावापासून लांब आहे, काही होणार नाही. शेवटी म्हणाला, "मी दुकानात घेऊन जातो, परत घ्यायला तयार आहे."

"पोरा," हॉलिस म्हणाले, "तो डबा आता आमच्याकडून जाणार नाही."

शुक्रवारी दुपारी रॉयसने बोल्ट सोडवले आणि दोघांनी मिळून डबा ओसरीवर आणला. डोलखुर्ची आणि कुंडीच्या मधे ठेवला. ऑर्लीन एप्रनला हात पुसत बाहेर आल्या. पिठाचे हात होते. त्या डब्यासमोरच्या खुर्चीत बसल्या, देवळात बसावं तशा, पाठ ताठ. आणि तळहात ठेवला.

काही होऊ नये, म्हणून रॉयस मनातल्या मनात देवाला विनवत होता.

रस्त्यावरून एक गाडी गेली. शेजारी कुणीतरी गवत कापत होतं.

मग गवत कापायचा आवाज... थांबला.

आणि पडदा वर आला.

ऑर्लीनच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. दोन मिनिटं. कदाचित कमी. मग त्यांनी हात उचलला. उचलायला जरा वेळ लागला, हे रॉयसने पाहिलं. मग तो हात एप्रनला पुसला. एकदा, दोनदा, तीनदा.

"बघितलंस?" हॉलिस पुढे वाकून म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "बघितलंस ना?"

"बघितलं," ऑर्लीन म्हणाल्या. आणि नवऱ्याच्या गालाला हात लावला. दुसरा हात.

रॉयस निघाला तेव्हा त्या कागदात गुंडाळलेली भाकरी घेऊन पिकअपपर्यंत आल्या. भाकरी खिडकीतून आत दिली. मागे वळून ओसरीकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाल्या,

"हे माझं पोर नाही, रॉयस."

रॉयसने किल्लीवरचा हात काढला.

"केंडल हात धरायचा तो सैल. लहानपणापासून. रस्ता ओलांडतानासुद्धा मलाच घट्ट धरावं लागायचं." त्यांनी स्वतःचा तळहात उलटा करून पाहिला. "हे हात धरत नाहीये. आपल्यात किती जोर आहे, ते बघतंय."

"मिस ऑर्लीन, मी आत्ता उचलतो तो डबा. आत्ता."

"ते देणार नाहीत."

"मग त्यांना सांगा."

"काय सांगू?" त्या म्हणाल्या. "मंगळवारी रात्री नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा झोपलेत ते. तू खिडकीपाशी त्यांना काय सांगितलंस, ते मला माहितीये. चांगलं केलंस. आता तेच खरं ठेव."

रॉयसने तेच खरं ठेवलं.

केंडलच्या जाकिटातल्या गवताचं त्याने ऑर्लीनना सांगितलं नाही. ऑर्लीननी हाताचं हॉलिसना सांगितलं नाही.

अठरा इंची स्पीकर रॉयस आता ठेवत नाही. कुणी मागितला तर पंधरावर भागवतो. आणि डबा हवाबंद आहे का, हे लाकडी पट्टीने दाबून बघतो. गिऱ्हाइकं हसतात. त्याने कारण त्यांना सांगितलेलं नाही.

सप्टेंबरमध्ये त्याने प्रुएटांच्या घरी फोन केला होता. दुपारी, चारच्या आत. ऑर्लीननी उचलला.

"कसे आहेत मिस्टर हॉलिस?"

"बरे आहेत. ओसरीवर बसलेत. रोज जेवण झालं की बसतात."

"डब्यापाशी?"

"हो."

"अजून... येतो वर?"

 रॉयसला फोनमधून हॉलिसचा आवाज येत होता. लांबून, दम लागल्यासारखा. कुणाला तरी समजावत होते. हळू, बाळा. हळू.

"आता त्यांना दोन्ही हात लावावे लागतात," ऑर्लीन म्हणाल्या.